कल की कुल?

मी जिल्हा परिषदेच्या उर्दू प्राथमिक शाळेत शिकवते. मार्च २०२४ मध्ये रुजू झाले. डी.एड. मात्र २०१४ सालीच झालं होतं. मधली दहा वर्षं कुठे गेली असं कोणी विचारलं तर उत्तर तीन शब्दांचं आहे: टीईटी, टेट आणि पवित्र. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, टेट ही भरतीची चाचणी आणि पवित्र हे शिक्षकभरतीचं सरकारी पोर्टल.

घरात आम्ही दखनी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर मराठी. अब्बांचा फळांचा गाडा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर असायचा. शाळा सुटली की मी तिथेच स्टुलावर बसून अभ्यास करायचे. पुस्तक उर्दू आणि गिऱ्हाइकाला भाव सांगायचा मराठीत. पहिली ते बारावी उर्दू माध्यम, डी.एड.सुद्धा उर्दू माध्यमाच्याच विद्यालयात. आज ते विद्यालय बंद आहे. आमच्यानंतर तीन-चार बॅचमध्येच मुली येणं थांबलं, कारण भरतीच निघत नव्हती आणि घरचे विचारायचे की हे शिकून करणार काय.

पहिली टीईटी दिली २०१४ च्या डिसेंबरात. दीडशे प्रश्न, दीडशे गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, आम्हा ओबीसींना ५५. मी सात गुणांनी राहिले. तेव्हा बाजारात जी गाईडं मिळायची ती जवळजवळ सगळी मराठीत. मी बालमानसशास्त्र मराठीतून पाठ केलं आणि पेपर आला उर्दूत. ‘प्रबलन’ म्हणजे काय ते मला नीट माहीत होतं, पण समोर छापलं होतं ‘तक्वियत’. ‘प्रेरणा’च्या जागी ‘तहरीक’, ‘अवधान’च्या जागी ‘तवज्जो’. तवज्जो घरातला शब्द, तो लगेच कळला. तक्वियतपाशी मी अडले आणि त्याच एका शब्दावरचे प्रश्न चुकले. घरी आल्यावर एक वही आखली: डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे उर्दू. ही वही अजून माझ्याजवळ आहे, तिच्याबद्दल पुढे सांगते.

२०१७ च्या जुलैत टीईटी पास झाले. प्रमाणपत्राची मुदत सात वर्षं. २०२१ मध्ये केंद्राने ते आजीवन केलं म्हणून मी वाचले, नाहीतर नेमणुकीच्या उंबरठ्यावरच ते बाद व्हायचं. त्याच वर्षाच्या शेवटी टीईटीतला गैरव्यवहार बाहेर आला, साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली, आणि प्रामाणिकपणे पास झालेल्यांकडेही लोक वेगळ्या नजरेने बघू लागले. एका लग्नात एका नातेवाइकाने मला सरळ विचारलं, “तूने कितने दिये?” मी ताटावरून उठून गेले होते.

टेट म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. दोनशे प्रश्न, दोन तास. तिच्यात पास-नापास नसतं, गुणांवर क्रम लागतो. पहिली झाली डिसेंबर २०१७ मध्ये. तिच्यातले माझे गुण कमी पडले. त्यानंतर दुसरी टेट यायला २०२३ उजाडलं. ती पाच वर्षं मी एका खासगी शाळेत महिना चार हजारांवर शिकवलं. सकाळी शाळा, दुपारी शिकवण्या, रात्री आकृत्यांची कोडी. लग्न लांबणीवर पडलं. अम्मी काही बोलत नसे, फक्त रात्री माझ्या टेबलाजवळचा दिवा बंद करायला उठायची आणि तो चालू पाहून परत जायची.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पवित्र पोर्टलवर जाहिराती आल्या. एकूण २१,६७८ पदं, त्यात उर्दू माध्यमाची १,८५०. आमच्या ग्रुपवर हा आकडा आला तेव्हा बराच वेळ कोणी काही लिहिलंच नाही. मग एकीने लिहिलं, “हा खरा आहे का?” खरा होता. प्राधान्यक्रम भरताना मी नकाशा उघडून बसले आणि कोकणापासून विदर्भापर्यंत कुठलाच जिल्हा सोडला नाही. २५ फेब्रुवारीच्या यादीत माझं नाव आलं. मुलाखतीशिवाय भरायच्या १६,७९९ पदांपैकी ११,०८५ जणांची शिफारस झाली. बाकीच्या ५,७१४ जागा तशाच राहिल्या.

या राहिलेल्या जागांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण उर्दू शाळेतल्या रिकाम्या खुर्चीचं कोडं तिथेच आहे. बिंदूनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची हे ठरवणारी यादी, सगळ्या माध्यमांना लागू होते, आणि ती व्हायलाच हवी. मी स्वतः ओबीसीतून लागले आहे, आरक्षणाबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण उर्दू शाळेत शिकवायचं तर उमेदवार उर्दू माध्यमातून शिकलेला असावा लागतो. अनुसूचित जातींच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आज हिंदू, शीख आणि बौद्ध एवढेच धर्म बसतात. त्या समाजांतली मुलं सहसा उर्दू शाळेत जात नाहीत. म्हणजे उर्दूच्या अनुसूचित जातीच्या जागेवर अर्ज करायला माणूस कुठून येणार? अनुसूचित जमातीत तडवी भिल्ल येतात, यावल-रावेरकडे, आणि ते मुसलमान आहेत. पण त्यांच्यातलीही बरीच मुलं मराठी शाळेत शिकतात. जागा निघते, रिकामी राहते, पुढच्या फेरीत पुन्हा निघते, पुन्हा रिकामी राहते. माझी एक मैत्रीण तीन गुणांनी मागे राहिली आणि त्याच जिल्ह्यात उर्दूच्या जागा रिकाम्या दिसत होत्या. तिला ते कुठल्या शब्दांत समजावणार?

मला वाटतं, यावर उपाय आहे. या प्रवर्गांतल्या ज्यांना इच्छा असेल त्यांना विद्यावेतन देऊन दोन वर्षं उर्दू शिकवा, मग ती जागा द्या. जागा त्यांची त्यांच्याकडे राहील आणि वर्गालाही शिक्षक मिळेल. फेऱ्यांमागून फेऱ्या घेऊन रिकामं रजिस्टर पुढे ढकलण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

कागदपत्रं तपासली, समुपदेशन झालं आणि मला घरापासून दोनशे किलोमीटरवरच्या तालुक्यात शाळा मिळाली. पहिली ते पाचवी, पटावर ९७ मुलं. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने चार शिक्षक हवेत. मंजूरही चार. हजर दोन: मी आणि आपा. आपा २००३ पासून शिकवतात, मी शिक्षणसेवक, तीन वर्षं महिना सोळा हजारांवर. पहिली-दुसरी माझ्याकडे, चौथी-पाचवी त्यांच्याकडे आणि तिसरी व्हरांड्यात, जिला ज्या वेळी जमेल तिच्याकडे.

पहिल्याच वर्षी पाच दिवसांचं तालुकास्तरीय प्रशिक्षण झालं. मी फार उत्सुकतेने गेले होते. नवी वही, नवा पेन. सभागृहात दीडशे शिक्षक, त्यात आम्ही उर्दूचे सात, मागच्या रांगेत. घटकसंच, म्हणजे प्रशिक्षणाची पुस्तिका, मराठीत, पडद्यावरचं सगळं मराठीत, गटकार्याचे कागद मराठीत. मराठी आम्हा सातही जणांना उत्तम येतं, अडचण ती नव्हती. अडचण दुसऱ्या दिवशी आली. विषय होता पायाभूत वाचन. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे सर, मनापासून शिकवणारे होते. त्यांनी अक्षरगट मांडले, मग कान्याचा तक्ता, वेलांटीचा, उकाराचा. मूल दोन-तीन अक्षरं आणि एक स्वरचिन्ह शिकलं की लगेच शब्द वाचू लागतं, हे त्यांनी फार सुंदर करून दाखवलं. आपांनी हात वर केला. “सर, हे उर्दूत कसं करायचं?” सर म्हणाले, “मॅडम, तुम्ही तुमच्या भाषेत करून घ्या. तत्त्व तेच.”

तत्त्व तेच नाही. सरांचा दोष नव्हता, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण हे मराठी वाचकाला सांगावंसं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मराठीत ‘क’ कुठेही आला तरी ‘क’सारखाच दिसतो. उर्दूत तक्त्यावरचा ‘बे’ म्हणजे खाली एक नुक्ता (टिंब) असलेली होडी. मूल होडी गिरवतं, ओळखतं. मग ‘बकरी’ शब्द येतो आणि त्यात होडी कुठेच नाही, नुसता एक दात आणि खाली नुक्ता. अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी रूप बदलतं. अलिफ, दाल, रे, वाव अशी काही अक्षरं तर पुढच्या अक्षराला हातच देत नाहीत, तिथे शब्द मध्येच तुटतो आणि मुलाला वाटतं शब्द संपला. एका ‘स’ साठी तीन अक्षरं आहेत: से, सीन, साद. मराठीत ‘साबण’ लिहिणारं मूल उर्दूत ‘साबुन’ सीनने लिहितं आणि चुकतं, कारण तो सादने लिहायचा. तिसरीतल्या मुलाने मिनिटाला साठ शब्द समजून वाचावेत हे केंद्राच्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य आमच्या मुलांनाही आहे, आणि असायलाच हवं. फक्त तिथवर जायची वाट वेगळी आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऱ्हस्व स्वर. जबर, जेर, पेश या त्यांच्या खुणा. पहिलीच्या पुस्तकात त्या दिसतात, पुढे पुढे कमी होत जातात. मोठ्या वाचणाऱ्याला त्या लागत नाहीत, तो अर्थावरून उच्चार ओळखतो. लहान मुलाने काय करायचं?

त्या प्रशिक्षणाहून परत आल्यावरच्या आठवड्यातली गोष्ट. तिसरीचा वर्ग व्हरांड्यात होता. मी फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिलं: अहमदकडे २४ आंबे, सलमाकडे १८ आंबे, कुल कितने आम हुए? बेरीज येणारी, हासिल बरोबर धरणारी एक मुलगी आहे, वर्गातली सगळ्यात हुशार. (मराठीत हातचा, आमच्याकडे हासिल.) ती फळ्याकडे बघत राहिली. पाटी कोरी. मी जवळ जाऊन बसले, म्हटलं वाच बरं. तिने बोट ठेवून वाचलं, “कल... कितने... आम हुए?” आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “मॅडम, कल तो जुम्मा है ना?”

काफ आणि लाम. ‘कल’ही तसंच लिहितात आणि ‘कुल’ही तसंच. मी ते उदाहरण लिहिताना माझ्या मनात कुल होतं, तिच्या मनात कल. तिला गणित येत नव्हतं असं नाही. चाचणीत मात्र तिच्या नावापुढे ‘बेरीज: अप्रगत’ असं लागलं असतं. मी उठून लाल खडूने काफवर छोटासा पेश काढला. तिने परत वाचलं, “कुल,” आणि अर्ध्या मिनिटात ४२ लिहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाच दिवसांच्या प्रशिक्षणात या एका पेशाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. काढणार तरी कसं? मराठीत ‘क’ला उकार दिला की तो ‘कु’ होतो, प्रश्नच संपला. प्रशिक्षणाचं उर्दू भाषांतर आलं असतं तरी त्यात हा पेश आला नसता, कारण मूळ मराठीतच तो नाही. उर्दू शिक्षकाचं प्रशिक्षण उर्दूतल्या अडचणींपासून सुरू व्हायला हवं, हे मला त्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून मी ते भेटेल त्याला सांगते आहे.

पेशाचा हा खेळ गावातही एकदा आडवा आला. २०२३ पासून निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं आणि मराठवाड्यात उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. मी सुट्टीत घरी आले होते तेव्हा शेजारच्या वाडीतले एक काका पिशवीत घडी घातलेला खासरा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा जुना कागद, घेऊन आले. “बेटा, एवढं वाचून दे, आमच्या आज्याचं आहे.” शिकस्ता लिपीतलं, घाईने लिहिलेलं. काफ, नून, बे, ये. पेश नव्हता, नुक्तेही निम्मे गायब. मी अब्बांच्या मित्राला बोलावलं, ते जुने वकिलाचे कारकून, त्यांनी ते नीट लावून वाचलं: कुनबी. काकांनी त्या कागदाला हात लावून कपाळाला लावला. त्यांच्या आजोबांच्या वेळी आमच्या भागात सरकारदरबारची भाषा उर्दू होती, १९१८ मध्ये स्थापन झालेलं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवत होतं. आता तीच भाषा वाचून दाखवायला माणूस शोधत फिरावं लागतं, आणि ती शिकवायला तर त्याहून.

पुस्तकांबद्दल माझी तक्रार नाही. बालभारतीची उर्दू पुस्तकं चांगली आहेत, वेळेवर येतात, चित्रं सुंदर असतात. मराठीही आम्ही पहिलीपासून मन लावून शिकवतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला आणि जूनअखेर मागे घेतला गेला, तेव्हा सगळीकडे तीन भाषांची चर्चा होती. आमच्या शाळेत उर्दू, मराठी आणि इंग्रजी पहिलीपासून आधीच आहेत. मुलं एकच दोनशेपानी वही दोन्हीकडून वापरतात, उजव्या पुठ्ठ्याकडून उर्दू, डाव्याकडून मराठी. वर्षाच्या शेवटी दोन्ही भाषा मधल्या पिनांपाशी भेटतात. एक वही वाचते म्हणून आया खूश असतात.

तर प्रशिक्षणाबद्दल. आम्ही सात जणांनी केंद्रप्रमुख साहेबांना गाठलं. म्हटलं, महिन्याच्या शिक्षण परिषदेत आम्हाला वेगळा वेळ द्या. ते थोडा विचार करून म्हणाले, “दीड तास घ्या, पण अहवाल मराठीत द्या.” आम्हाला तेवढंच हवं होतं. वरच्या कार्यालयाला उर्दूचा सुलभक मिळावा म्हणून दोन पत्रं दिली. एकाला पोच मिळाली. मग आम्हीच आमचे सुलभक झालो. अंगणवाडीच्या खोलीत छोट्या खुर्च्यांवर बसायचो. आपा पूर्वी एकदा हैदराबादला मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात उर्दू शिक्षकांच्या कार्यशाळेला गेल्या होत्या, तिथल्या टिपणांची त्यांची वही आणि माझी टीईटीची शब्दांची वही, एवढ्या भांडवलावर सुरुवात केली. पहिल्या बैठकीत एकच काम केलं: तिसरीचं गणिताचं पुस्तक घेऊन पेश, जेर, जबर नसल्यामुळे दोन तऱ्हांनी वाचता येतील असे शब्द शोधले. दुसऱ्या बैठकीत अक्षरगट उर्दूसाठी नव्याने लावले. जी अक्षरं हात देत नाहीत ती आधी, कारण त्यांची रूपं फारशी बदलत नाहीत. ‘दादा’, ‘दवा’, ‘दारू’ असे शब्द मूल तिसऱ्या दिवशी वाचतं. ‘दारू’ नको, असं एक सर म्हणाले. आपा म्हणाल्या, “दारू म्हणजे औषध. दवादारू म्हणतोच ना आपण.” तो शब्द ठेवला.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. नोकरीची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या, टीईटी न झालेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ती पास व्हायची. त्या प्रकरणात महाराष्ट्रातली एक अल्पसंख्याक शिक्षणसंस्थाच न्यायालयात गेली होती, आणि अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. पण आमची शाळा जिल्हा परिषदेची. आपांचं वय ४९, सेवेची नऊ वर्षं बाकी. निकालाची बातमी मोबाइलवर वाचून त्यांनी फोन पालथा ठेवला आणि पाचवीच्या वह्या तपासायला घेतल्या. संध्याकाळी म्हणाल्या, “बावीस साल पढायी मैं. अब मेरा इम्तिहान?”

मला त्या निकालावर बोलायचा अधिकार नाही. गुणवत्ता तपासली पाहिजे हे मलाही पटतं. पण त्या पेपरात पेश कुठे काढायचा हे विचारत नाहीत, आणि ते ज्यांना येतं त्या आपा समोर बसलेल्या होत्या. एवढंच मला त्या वेळी वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर आम्ही एक तास बसू लागलो. ज्यांनी मला वाचन शिकवायला शिकवलं त्यांना मी तक्वियत आणि तहरीक शिकवत होते. माझी जुनी वही त्यांना वापरायला दिली. राज्यघटनेतलं ३५० क कलम आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय राज्याने करावी, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेलं. आपांनी ते दोनदा वाचलं. “सोय,” त्या म्हणाल्या, आणि व्हरांड्यातल्या तिसरीकडे पाहिलं. मग पुढचं पान उलटलं.

२३ नोव्हेंबरला, रविवारी, जिल्ह्याच्या ठिकाणी परीक्षा होती. मी त्यांच्याबरोबर गेले. केंद्राबाहेर चाळिशी-पन्नाशीचे कितीतरी शिक्षक हातात पारदर्शक पॅड घेऊन उभे होते. कोणी डोळे मिटून पाठ करत होतं, कोणी मुलाला फोनवर औषध कुठे आहे ते सांगत होतं. अडीच तास मी समोरच्या रसवंतीत बसले. आपा बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चष्म्यावर वाफ होती. पाणी प्यायल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “परिसर अभ्यास चांगला गेला. मानसशास्त्रात चार-पाच शंका आहेत, ते नंतर बघू.”

एसटीत बसल्यावर त्यांनी पर्समधून चौथीचं वेळापत्रक काढलं. उद्या सोमवार. मला आमच्या शाळांच्या केंद्रावर माहिती द्यायला जायचं होतं, म्हणजे ९७ मुलं आणि त्या एकट्या. “पहिली-दुसरीला चित्रं काढायला लावते,” त्या म्हणाल्या, “आणि तिसरीला तुझे ते दोन तऱ्हांनी वाचता येणारे शब्द देते. कितीपर्यंत आले?”

“अडतीसपर्यंत.”

“मग एकोणचाळीसपासून,” असं म्हणून त्यांनी ते वेळापत्रकाच्या कडेला लिहून ठेवलं.